कुकीची पाटी: 'सगळं मान्य' दाबायचं की नाही?

रामबागकर (धागाकर्ता)

कुठलंही पान उघडा, मजकुराच्या आधी खालून पाटी वर येते, 'आम्ही कुकीज वापरतो'. 'सगळं मान्य'चं बटण मोठं आणि रंगीत. नकाराचं असलंच तर करड्या अक्षरांत, कोपऱ्यात.

मान्य दाबलं तर नेमकं काय होतं? नाही दाबलं तर काय अडतं? तिसरा प्रश्न आपल्याकडच्या व्यावसायिकांचा. इंदुरात शेव-फरसाणापासून साड्या आणि शिकवण्यांपर्यंत सगळ्यांची आता संकेतस्थळं आहेत. पाटी लावायला लावणारा कायदा युरोपातला, मग ती इथेही लावायची का?

'कुकी म्हणजे व्हायरस' किंवा 'कुकी म्हणजे काही नसतं हो' अशी एका ओळीची उत्तरं कृपया नकोत. ती व्हॉट्सॲपवर पोतंभर मिळतात.

पोहे_जलेबी

कुकी नको, नानखटाई चालेल. शेवेची पुडी घेऊन बसलोय, चालू द्या.

शिप्राकाठ

आधी मुळातून. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या पद्धतीने बोलतात त्या एचटीटीपीला स्मरणशक्ती नाही. तुम्ही एक पान मागितलं, मिळालं, विषय संपला. दुसरं पान मागणारे तुम्हीच, हे सर्व्हरला कळायला काही मार्ग नाही. मग खरेदीची टोपली कशी लक्षात ठेवणार? १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर तोडगा काढला. सर्व्हरने एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने दर वेळी ती परत दाखवायची. युनिक्सवाल्यांत 'मॅजिक कुकी' हा शब्द आधीपासून होता, तोच उचलला.

खजराना गणपतीला चप्पल स्टँडवर बिल्ला मिळतो ना, अगदी तसं. बिल्ल्यावर फक्त नंबर. चप्पल कोणाची, कुठल्या खणात, हे सगळं स्टँडवाल्याकडे. कुकीतही बहुतेक वेळा असा एक लांबलचक निरर्थक नंबरच असतो. एका कुकीत साधारण ४०९६ बाइट मावतात, म्हणजे चिठ्ठीच. तो प्रोग्राम नव्हे, त्यामुळे आपण होऊन चालू शकत नाही, तुमच्या फायली वाचू शकत नाही. व्हायरसची भानगड इथेच मिटली.

आणि ज्याने बिल्ला दिला त्यालाच ब्राउझर तो दाखवतो. बँकेची कुकी भाजीवाल्याच्या संकेतस्थळाला दिसत नाही.

सराफ्यातली_मावशी

शिप्राकाठ, बिल्ला पटला. पण मग एका संकेतस्थळावर मिक्सर बघितला की दिवसभर सगळीकडे मिक्सरच का दिसतो? भाजीवाल्याला दिसत नाही म्हणता, मग बातमी वाचताना तिथे मिक्सर येतो कुठून?

शिप्राकाठ

मावशी, समजा खजराना, बडा गणपती आणि अन्नपूर्णा, तिन्ही ठिकाणचा चप्पल स्टँड एकाच ठेकेदाराकडे आहे. त्याने पहिल्या मंदिरात एक बिल्ला दिला आणि म्हणाला, तिन्हीकडे हाच दाखवा. मंदिरं वेगळी, पुजारी वेगळे, कोणी कोणाला काही सांगत नाही. पण ठेकेदाराच्या वहीत ४१७ नंबर सकाळी कुठे होता आणि संध्याकाळी कुठे, सगळं उतरतं. नाव माहीत नसलं तरी ४१७ ला काय आवडतं ते कळतं.

हीच तृतीय-पक्ष कुकी. मिक्सरच्या पानावर आणि बातमीच्या पानावर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो. पान उघडलं की तुमचा ब्राउझर तो तुकडा थेट कंपनीकडून मागवतो. मागवताना कंपनीची कुकी सोबत जाते, आणि आपण कुठल्या संकेतस्थळावर आहोत हेही सहसा जातं. तुकडा दिसायलाही हवा असं नाही, एका ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र पुरतं.

गराडू_इन_डिसेंबर

उपमा अप्रतिम. फक्त आमच्या गणपतीला ठेकेदार चिकटवू नका, उद्या कोणी खरं समजेल.

काळा_चष्मा

मग उपाय सोपा आहे. तृतीय-पक्ष कुकी बंद, काम फत्ते.

संगणकावर क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज, तिथे ब्लॉक. फोनवर तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, थर्ड-पार्टी कुकीज. सफारीने २०२० पासून त्या मुळातच बंद केल्यात. फायरफॉक्स २०२२ पासून दर संकेतस्थळाला कुकी ठेवायची वेगळी बरणी देतो, म्हणजे ठेकेदाराला मंदिरागणिक नवा बिल्ला द्यावा लागतो आणि वहीत मेळ बसत नाही. क्रोमने २०२० मध्ये 'दोन वर्षांत काढतो' म्हणून सांगितलं, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये बेत सोडला. क्रोम ज्या कंपनीचा, ती जाहिरातींवर जगते. समजलं असेलच.

कोडवाला_एमजीरोड

बटण दाबाच, पण काम फत्ते नाही.

आता बरेच ट्रॅकर तृतीय-पक्ष म्हणून येतच नाहीत. दुकानदार स्वतःच्या पानावर त्यांची स्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा छोटा प्रोग्राम, चिकटवतो आणि ती स्क्रिप्ट दुकानदाराच्याच नावाने कुकी ठेवते. भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सची '_जीए' मुळात २ वर्षांची, फेसबुकच्या पिक्सेलची (माग काढणाऱ्या तुकड्याची) '_एफबीपी' ९० दिवसांची. दोन्ही प्रथम-पक्ष, म्हणजे दुकानाच्या स्वतःच्या नावावर. तृतीय-पक्ष बंद केल्या तरी या राहतात, आणि स्क्रिप्ट त्यांतला नंबर वाचून स्वतः कंपनीला कळवते. त्यात तुम्ही ईमेल किंवा मोबाइल नंबर टाकून काही विकत घेतलं की तोच धागा पुढे सगळीकडे जोडता येतो. शिवाय स्क्रीनचा आकार, फाँट, ग्राफिक्स कार्डाची वागणूक असं सगळं मिळून ब्राउझरचा ठसा घेता येतो. त्याला कुकी लागतच नाही आणि तो पुसताही येत नाही.

फायरफॉक्स किंवा सफारी वापरा, वर युब्लॉक ओरिजिनसारखं जाहिरात-रोधक विस्तारक (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाका. रोधक कुकीवर अवलंबून नसतो, तो स्क्रिप्ट येऊच देत नाही. सफारी त्यापुढे जाऊन स्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांत उडवते.

काळा_चष्मा

मान्य. 'फत्ते' मागे घेतो.

नवलखा_नाका

अवांतर. इंदूर-पुणे विमानाचं तिकीट दोनदा बघितलं की महाग होतं, ते कुकीमुळेच ना? इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, बघा असं सगळे सांगतात.

शिप्राकाठ

सांगतात खरं. पण विमानाच्या जागा दरांच्या वेगवेगळ्या वर्गांत विकतात. स्वस्त वर्गातल्या जागा संपल्या की पुढचा वर्ग उघडतो, दोनदा बघण्याच्या मधल्या वेळात दुसऱ्या कोणी घेतल्या असतील. शिवाय शोध-संकेतस्थळं काही वेळा मघाचा साठवलेला दर दाखवतात, आत गेल्यावर ताजा येतो. एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. ४ जणांसाठी शोधलं आणि स्वस्त वर्गात ३ जागा उरल्या असतील तर सहसा चौघांनाही पुढचा दर लागतो. आधी १, मग ३ असं शोधून बघा, फरक असेल तर तिथेच सापडेल.

पडताळायचंच असेल तर तेच विमान, तेवढेच प्रवासी, एकाच मिनिटाला, दोन वेगळ्या फोनवर. इन्कॉग्निटोत दहा मिनिटांनी बघून काही सिद्ध होत नाही.

सराफ्यातली_मावशी

इन्कॉग्निटो म्हणजे कोणालाच काही दिसत नाही, असंच ना?

कोडवाला_एमजीरोड

नाही मावशी. ती खिडकी कोरी बरणी घेऊन उघडते आणि सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद केल्या की बरणी फेकते. 'सगळ्या' महत्त्वाचं, एक जरी मागे उघडी राहिली तरी तीच बरणी चालू. क्रोम त्या खिडकीत तृतीय-पक्ष कुकी मुळातच अडवतो, हा फायदा. पण आत जाऊन लॉगिन केलंत की ओळख दिलीतच. तुमचा आयपी पत्ताही लपत नाही, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला रस्ता दिसतोच.

चिमणबाग_चौक

जाहिरातींवरच एवढी चर्चा का, हे कळत नाही. मिक्सर दिसला तर दिसला. कुकीचा खरा धोका वेगळाच आहे. शिप्राकाठच्या बिल्ल्याकडे परत या. बिल्ला चोरला तर काय होईल? चप्पल चोराला मिळेल. स्टँडवाला तोंड बघत नाही, नंबर बघतो.

लॉगिन केल्यावर पासवर्ड आणि ओटीपी एकदाच तपासले जातात. पुढे दर पानाला सत्राची, म्हणजे त्या लॉगिनची, कुकीच दाखवली जाते. ती कोणी उचलली तर त्याला पासवर्डही नको आणि ओटीपीही नको. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं विस्तारक आलं होतं. उघड्या वायफायवर शेजाऱ्याची फेसबुकची कुकी उचलून त्याच्या खात्यात शिरणं त्याने दोन क्लिकचं करून टाकलं. मोठी संकेतस्थळं सगळी पानं एचटीटीपीएसवर (एचटीटीपीचं कूटबद्ध रूप) नेऊ लागली त्यात याचा मोठा हात होता. आता हवेतून उचलणं अवघड झालंय, म्हणून चोर संगणकातच शिरतो. फुकटचं क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर किंवा पीडीएफ असल्याचं भासवणारी फाइल, ती चालवली की ब्राउझरच्या कुकी उचलून पसार. मार्च २०२३ मध्ये लिनस टेक टिप्स हे भलंमोठं यूट्यूब चॅनेल असंच गेलं होतं.

असा संशय आला तर लोक पहिल्यांदा पासवर्ड बदलतात, तेही त्याच संगणकावरून. दोन्ही चूक. दुसऱ्या स्वच्छ फोनवरून खात्याच्या सुरक्षा विभागात जा, आधी 'सगळ्या उपकरणांवरून साइन आउट' आणि मग पासवर्ड. कित्येक ठिकाणी पासवर्ड बदलला तरी जुनी सत्रं चालूच राहतात. मूळ संगणक त्यानंतर फॉरमॅट.

एमपी_ऑनलाइन_समोर

चिमणबाग यांच्या मुद्द्याला जोडून. फॉर्म भरायला लोक किऑस्कवर येतात, दुसऱ्याच्या संगणकावर डिजिलॉकर किंवा मेल उघडतात आणि टॅब बंद करून निघतात. टॅब बंद म्हणजे लॉगआउट नव्हे.

सत्राची कुकी 'ब्राउझर बंद झाल्यावर जाते' असं पुस्तकात असतं. पण क्रोममध्ये 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' चालू असेल, आणि दुकानांत ते बरेचदा असतं, तर दुसऱ्या दिवशी ब्राउझर उघडल्यावर टॅबही परत आणि कुकीही परत.

नुसती कुकी पुसणंही पुरत नाही. पुसणं म्हणजे बिल्ला नाल्यात टाकणं. खणातली चप्पल तशीच राहिली, नंबर कोणी आधीच उतरवून घेतला असेल तर तो चालतोच. लॉगआउट म्हणजे बिल्ला परत देऊन खण रिकामा करणं. क्रम असा ठेवा, आधी लॉगआउट, मग कंट्रोल-शिफ्ट-डिलीट दाबून 'कुकीज अँड अदर साइट डेटा'ला टिचकी.

पोहे_जलेबी

हा चप्पल स्टँड आता राजवाड्याएवढा झालाय. +१ सगळ्यांना.

साडी_सेंटर

दुकानदारांच्या बाजूने एक प्रश्न. ग्राहक पैसे भरायला गेटवेवर (पैसे घेणाऱ्या कंपनीच्या पानावर) जातो, पैसे कापले जातात, परत आमच्या पानावर येतो आणि तिथे 'लॉगिन करा' दिसतं. सगळ्यांना नाही, काहींनाच. डेव्हलपर म्हणतो ग्राहकाच्या ब्राउझरचा दोष. हाही कुकीचाच प्रकार का?

कोडवाला_एमजीरोड

कुकीचाच, आणि दोष ब्राउझरचा नाही. डेव्हलपरला हे दाखवा.

कुकीला 'सेमसाइट' नावाचा गुण असतो. स्ट्रिक्ट, लॅक्स आणि नन या त्याच्या तीन किमती. २०२० पासून क्रोम, काही लिहिलं नसेल तर लॅक्स धरतो. लॅक्स कुकी बाहेरच्या संकेतस्थळावरून साध्या दुव्याने आलात तर सोबत येते, पण बाहेरून 'पोस्ट' पद्धतीने, म्हणजे भरलेला फॉर्म पाठवत, आलात तर येत नाही. बरेच गेटवे निकाल पोस्टनेच परत पाठवतात. म्हणजे ग्राहक आला, बिल्ला आलाच नाही, तुमचा सर्व्हर म्हणतो आपण कोण?

'काहींनाच' का, तर क्रोमने एक सवलत ठेवली आहे. सेमसाइट लिहिलंच नसेल आणि कुकी २ मिनिटांपेक्षा ताजी असेल तर पोस्टबरोबरही ती जाते. ज्याने झटपट पैसे भरले तो सुटला. ओटीपीची वाट बघत बसला तो अडकला. डेव्हलपर स्वतः तपासताना झटपट भरतो, म्हणून त्याच्याकडे दोष दिसत नाही.

दुरुस्ती दोन प्रकारे. सत्राच्या कुकीला 'सेमसाइट नन' आणि सोबत 'सिक्युअर' (फक्त एचटीटीपीएसवरच जाणारी) लिहायचं. चालतं, पण दार जास्त उघडं राहतं. दुसरी पद्धत बरी. परतीच्या पत्त्यावर सत्र विचारूच नका. व्यवहार क्रमांक घ्या, गेटवेची सही तपासा, ऑर्डर नोंदवा आणि ३०३ ने ('दुसऱ्या पानावर जा' हा सर्व्हरचा निरोप) ग्राहकाला साध्या पानावर वळवा. ती फेरी 'गेट', म्हणजे नुसतं पान मागणारी, असल्याने लॅक्स कुकी येते आणि तो लॉगिन झालेलाच दिसतो. त्याच फटक्यात सत्राच्या कुकीला 'एचटीटीपीओन्ली' आहे का तेही बघा. नसेल तर पानात शिरलेली कुठलीही स्क्रिप्ट ती वाचू शकते.

ग्राहकांना सांगा, असं झालं तर लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. नव्या टॅबमध्ये लॉगिन करून 'माझ्या ऑर्डर' बघा. गेटवे बहुतेक वेळा सर्व्हरला परस्पर वेगळा निरोप देतोच.

साडी_सेंटर

डेव्हलपर खरंच झटपट भरूनच दाखवून राहिला होता. धागा त्याला पाठवतोय.

रामबागकर

'दाखवून राहिला होता', अस्सल इंदुरी मराठी! पुण्याचे सदस्य वाचत असतील तर कृपया सांभाळून घ्या.

पाटीचा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

वकीलसाहेब_छावणी

तो माझ्याकडे. युरोपात २००२ चा ईप्रायव्हसी निर्देश, २००९ ची त्यातली दुरुस्ती आणि २०१८ पासून जीडीपीआर हा डेटा संरक्षणाचा कायदा. सार एवढंच की, जी कुकी सेवेसाठी अत्यावश्यक नाही तिला आधी संमती हवी. टोपली, लॉगिन, सुरक्षा यांना पाटी नको. आधीच टिचकी मारलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्लॅनेट-४९ प्रकरणात सांगितलं. करड्या बटणाबद्दल म्हणाल तर, नकार होकाराइतका सोपा नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने २०२१ च्या अखेरीस गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केला.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. कायद्यात 'कुकी' हा शब्दच नाही. तो वैयक्तिक डेटाबद्दल बोलतो. कुकीतला नंबर एखाद्या माणसाशी जोडता येत असेल तर तो त्यात आला. संमती मोकळी, नेमकी, स्पष्ट कृतीने दिलेली हवी. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागतो, म्हणजे मराठीतही. शिकवणीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यावर मनाई आहे. सरकारने दिलेले काही अपवाद सोडले, तर पालकांची संमती असली तरी.

इंदूरचा दुकानदार दिवाळीचा फराळ जर्मनीला पाठवतो आणि दर युरोत लावतो, तर जीडीपीआर त्यालाही लागू होऊ शकतो. नुसतं पान जर्मनीत उघडलं एवढ्याने नाही.

कोडवाला_एमजीरोड

पाटी लावलेल्यांनी एकदा एवढं करून बघा. इन्कॉग्निटोत आपलं संकेतस्थळ उघडा, पाटीला हात लावू नका. एफ१२, ॲप्लिकेशन, डावीकडे कुकीज. '_जीए' किंवा '_एफबीपी' आधीच बसलेली असेल तर पाटी नुसती शोभेची. स्क्रिप्ट पानाच्या डोक्यात सुटी टाकलेली असते, पाटीच्या बटणाशी तिचा संबंधच नसतो. सर्वात जास्त आढळणारी चूक हीच. यूट्यूबचे व्हिडिओ बसवताना 'यूट्यूब-नोकुकी'वाला पत्ता घ्या, 'शेअर'च्या खिडकीत एम्बेडखाली तो पर्याय असतो. आणि ज्या पिक्सेलचा अहवाल गेल्या दिवाळीपासून कोणी उघडला नाही तो काढूनच टाका. फक्त टोपली आणि लॉगिन उरलं तर युरोपच्या नियमानेही पाटी लागत नाही.

रामबागकर

म्हणजे वाचकाने 'मान्य' न दाबता 'फक्त आवश्यक' दाबावं, काही अडत नाही. आणि चुकून आधीच मान्य दाबलं असेल तर?

शिप्राकाठ

जाहिरातवाल्या कुकी नाकारल्या म्हणून टोपली किंवा लॉगिन अडत नाही. पानात बसवलेला नकाशा किंवा व्हिडिओ कधी कधी दिसत नाही, एवढंच. तिथे त्यापुरती परवानगी द्या.

परत फिरायचं तर पत्त्याच्या डावीकडचं चिन्ह दाबा, 'कुकीज अँड साइट डेटा', आणि त्या एकाच संकेतस्थळाचा डेटा पुसा. बाकीची लॉगिनं शाबूत राहतात. पान परत उघडलं की पाटी पुन्हा विचारेल, तेव्हा नाही म्हणा. पण कंपनीच्या वहीत आधी उतरलेलं त्याने पुसलं जात नाही.

सराफ्यातली_मावशी

मी ब्राउझर बंद करताना सगळ्या कुकी आपोआप पुसायचं लावून ठेवलंय. तरी तीच पाटी रोज येते. कालच तर 'नाही' म्हटलं!

शिप्राकाठ

मावशी, तुम्ही 'नाही' म्हणालात हेही ते कुकीतच लिहून ठेवतात.

पोहे_जलेबी

घ्या. नाही म्हणायलाही बिल्ला लागतो.